आडवी सायकल आणि शहागडचा रस्ता

मला ट्रकची भीती वाटते हे मी चार महिने कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या कोणाला नाही, आणि ज्याने माझ्यासाठी ती सायकल बनवली त्या मेव्हण्याला तर मुळीच नाही. सांगायचं म्हटलं की त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि मी गप्प बसायचो.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालातली. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि जालन्याच्या एका बियाणे कंपनीत फिरतीच्या कामावर होतो. कंपनी शेतकऱ्यांकडून संकरित कपाशीचं बी तयार करून घ्यायची. वडीगोद्रीपासून शहागडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे बावीस प्लॉट माझ्याकडे होते. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तिथे बाया एकेक फूल हातात धरून एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर लावायच्या. सगळे त्याला क्रॉसिंग म्हणायचे. ते बराबर चाललंय का, भेसळीची झाडं उपटली का, हे रोज जाऊन पाहणं माझं काम. आम्ही नवरा-बायको वडीगोद्रीत भाड्याच्या खोलीत राहत होतो.

त्याच उन्हाळ्यात मी कंपनीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीवरून पाठीवर पडलो. कमरेतला मणका सरकला. जालन्याच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि बोट ठेवून दाखवलं. मला त्यात काहीच कळलं नाही. कळलं ते त्यांचं वाक्य. ते म्हणाले, "आता आहे ते आरामानं बरं होईल. पण अजून एक जोराचा दणका बसला, तर पायांची गॅरंटी मी देणार नाही."

अडीच महिने मी फळीवर पडून काढले. त्या दिवसांत मला एक सवय लागली. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी पायांची बोटं हलवून पाहायचो. हलली की मग डोळे उघडायचे.

कामावर परत गेलो तेव्हा साहेबांनी स्पष्ट सांगितलं की ऑफिसात जागा नाही, फिरती जमत असेल तर बघा. मोटारसायकल द्यायला ते तयार होते, पण किक मारणं आणि खड्ड्यांतले हादरे डॉक्टरांनी बंद केलेले. साध्या सायकलच्या सीटवर दहा मिनिटं बसलो की डावा पाय मांडीपासून बधिर व्हायचा. चालायला हरकत नव्हती, पण रोज बावीस प्लॉट चालून कोण पाहणार? नोकरी जाणार असं मी धरून चाललो होतो.

मेव्हणा बायकोपेक्षा दोन वर्षांनी लहान. जुन्या जालन्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. गल्ली इतकी अरुंद की खिडकीची जाळी बनवली की ती रस्त्यावर उभी करूनच रंगवायची. त्याला कुठल्यातरी रद्दीत एक परदेशी मासिक सापडलं. त्यात एक गोरा माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसून, पाय पुढे लांब करून सायकल चालवत होता. मेव्हण्याने ते पान फाडून घेतलं आणि मला एका शब्दानेही न सांगता महिनाभर खपला.

एका रविवारी तो टेम्पोतून ती सायकल घेऊन आला. मागचं चाक नेहमीचं, पुढचं लहान पोरांच्या सायकलचं. पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे. तीन सायकलींच्या चेना जोडून एक लांब चेन केलेली. हँडल सीटच्या खाली, दोन्ही हात सरळ खाली सोडले की मुठी हातात यायच्या. आणि सीट म्हणजे लोखंडी पाइपाची चौकट, तिच्यावर बाजेला विणतात तशी नवार विणलेली. नवार त्याच्या आईने विणली होती.

"बसा दाजी," तो म्हणाला. "पाठ पूर्ण टेकवा. वजन कमरेवर येऊन राह्यलं का ते सांगा."

मी बसलो. वजन कमरेवर येत नव्हतं. उन्हाळ्यापासून मी पहिल्यांदा बसल्या जागी सुखाने श्वास सोडला. मेव्हण्याने तो ऐकला असणार, कारण तो एकदम मागे वळून टेम्पोवाल्याशी बोलायला लागला आणि बोलताना त्याने दोनदा नाक पुसलं. म्हणून पुढचं सगळं मला त्याला सांगता येईना.

सायकल शिकायला आठ दिवस लागले. साध्या सायकलवर तोल सावरायला आपण अंग हलवतो, तसं इथे चालत नाही. खांदे ढिले सोडून नुसतं बघत राहावं लागतं. एकदा जमल्यावर मात्र तिच्यासारखं सुख नव्हतं. पाठ टेकलेली, मान मोकळी, मनगटांवर भार नाही. समोरून वारा असला तर साध्या सायकलवाल्याची छाती फुटायची, मी खालून निघून जायचो. उतारावर ती अशी सुटायची की मलाच ब्रेक धरावा लागायचा. प्लॉटवर पोचलो की उतरायचं कामच नाही, पाय जमिनीला टेकवून तिथेच बसून वहीत लिहायचं. क्रॉसिंगच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. भाऊ घरून बाजेसकट निघालेत, असं त्यांच्यातली एक म्हणाली आणि तेव्हापासून सगळ्या मला बाजवाले भाऊ म्हणायला लागल्या. त्याचं मला काही वाटलं नाही. डावा पाय बधिर होत नव्हता, आणखी काय पाहिजे?

अडचणीही होत्या. चढावर उभं राहून पायडल मारता यायचं नाही; चढ आला की मी रांगायचो, शेवटी उतरून ढकलायचो. अरुंद जागेत वळायची नाही. पाऊस झाला की पुढच्या चाकाचा सगळा चिखल तोंडावर. या सगळ्याची सवय झाली. एका गोष्टीची झाली नाही. त्या सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं ट्रकच्या चाकाच्या नटांच्या उंचीला येतं.

हे मला पहिल्या दिवशीच कळलं. वडीगोद्री सोडून मी किलोमीटरभर गेलो असेन. मागून आवाज आला, जमीन थरथरली, आणि माझ्या उजव्या कानाजवळून एक चाक गेलं. ट्रक आपल्या शेजारून जातो असं आपण म्हणतो, पण मला ट्रक दिसलाच नाही. फक्त चाक, त्याचे ग्रीस लागलेले गोल फिरणारे नट आणि त्याच्या मागे दुसरं चाक. गरम हवा अंगावर आली, मग सायकल आतल्या बाजूला ओढल्यासारखी झाली. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम असेल. पुढच्या बाभळीखाली थांबलो तेव्हा हात मुठींवरून सुटेनात.

धुळे-सोलापूर रस्ता तेव्हा दोनच गाड्यांच्या रुंदीचा होता. रात्रंदिवस ट्रक. डांबराची कड तुटलेली, आणि तिच्याखाली साइडपट्टी वीतभर खोल. साध्या सायकलवर ट्रक आला की माणूस पटकन खाली उतरतो. माझे पाय पुढे, पायडलवर. खाली टेकवायच्या आत गाडी अंगावर आलेली असायची. वळून मागे पाहता यायचं नाही. आणि सगळ्यात आधी धडकणार ते पाय, हे मला दर पायडलला दिसायचं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोरच होते.

मेव्हण्याला मी इतकंच म्हणालो की मागचं दिसत नाही. त्याने पुढच्या खेपेला स्कूटरचा आरसा बसवला, आणि मागे बांबूच्या काठीला लाल फडकं बांधलं, म्हणजे ड्रायव्हरला लांबून दिसेल. आरशाने उलट झालं. आधी मी आवाज आल्यावर घाबरायचो, आता आरशात ठिपका दिसल्यापासून घाबरायला लागलो. ठिपका मोठा होत जायचा आणि मी पुढचा रस्ता सोडून त्याच्याकडेच पाहत राहायचो. एकदा असाच पाहत पाहत मैलाच्या दगडाला घासून गेलो.

रोज सकाळी पायडलवर पाय ठेवताना मी डॉक्टरांचं वाक्य मनात म्हणायचो. म्हणायचं नाही ठरवलं तरी म्हणायचो. आरशात दिसणारे सगळे ट्रक मी मोजायचो आणि घरी येईपर्यंत आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात जायचा. बायकोने एकदा धुण्यातला माझा शर्ट हातात धरून विचारलं, "कार्तिकात एवढा घाम कशाचा येतो तुम्हाला?" मी म्हणालो की ती सायकल चढावर जड जाते. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शर्ट पिळला.

मेव्हणा दर पंधरा दिवसांनी यायचा. चेनीला तेल द्यायचा, नवार ताणून घ्यायचा, चाकं फिरवून कान लावून ऐकायचा. जालन्यात त्याने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं की आपले दाजी आपल्या हातच्या सायकलवर नोकरी करून राह्यले. कसं चाललंय असं त्याने विचारलं की मी एक नंबर म्हणायचो.

मार्गशीर्षात कापूस वेचणीला आला, त्या वेचणीवरही मलाच लक्ष ठेवायचं होतं, आणि त्याच सुमाराला उसाच्या गाड्या सुरू झाल्या. त्या वेळेपर्यंत मला वाटायचं की भीतीची एक हद्द असते, तिच्यापुढे माणूस आणखी भिऊ शकत नाही. उसाच्या ट्रकमधून दोन्ही बाजूंना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबत असतात. गाडी रस्त्याच्या रुंदीपेक्षा मोठी होऊन येते.

त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन पडलेलं होतं, रस्ता स्वच्छ दिसत होता. आरशात उसाचा ट्रॅक्टर दिसला, त्याच्यामागे ट्रक. समोरूनही एक ट्रक येत होता. मला वाटलं मागचा थांबेल. तो थांबला नाही. ट्रॅक्टरला मागे टाकायला म्हणून बाहेर निघाला, समोरच्याला पाहून परत आत आला, आणि ट्रॅक्टर माझ्याकडे सरकला. आरसा हिरवा झाला. एवढंच मला आठवतं, आरसा पूर्ण हिरवा झाला. मी हँडल डावीकडे ओढलं. डोक्यामागे काड्कन आवाज आला. नंतर कळलं की उसाने बांबूची काठी मोडून नेली होती. पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली पडलं आणि मी पायांनी पुढे, रस्त्याकडेच्या कोरड्या चारीत गेलो.

गाड्या निघून गेल्या. कोणाला कळलंही नसेल. मी पाठीवर पडलेलो होतो, सायकल माझ्या मांडीवर आडवी. वर आभाळ होतं. कुठे दुखत नव्हतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. दुखत का नाही?

रोज सकाळी जे करायचो तेच करायचं होतं, बोटं हलवून पाहायची होती. मी हलवली नाहीत. हलवली आणि हलली नाहीत तर? जोवर मी पाहत नव्हतो तोवर पाय माझे होते. किती वेळ तसा पडून होतो सांगता येणार नाही. तोंडात माती होती, ती थुंकायलाही मी मान वळवली नाही.

मेंढरांचा आवाज आला. एक म्हातारी धनगरीण चारीच्या काठावर येऊन उभी राहिली, मागे चाळीस-पन्नास मेंढरं आणि एक कुत्रा. एरवी मेंढरांच्या कुत्र्यांना मी भ्यायचो, कारण त्या सायकलवर त्यांचं तोंड नेमकं माझ्या तोंडासमोर यायचं. त्या दिवशी तो जवळ येऊन माझा कान हुंगून गेला तरी मला काही वाटलं नाही. म्हातारी खाली उतरली, सायकल बाजूला केली आणि माझ्या काखेत हात घालायला लागली.

"मावशी, हात लावू नका," मी ओरडलो. "पाठीचं हाड सरकलेलं आहे. मला उचलू नका."

ती थांबली. "मंग पाय हलतेत का?"

"माहीत नाही."

"हलवून पाह्य की."

मी म्हणालो, "मला भीती वाटते."

चार महिन्यांत ते शब्द मी पहिल्यांदा तोंडाने बोललो, तेही एका अनोळखी बाईजवळ, चारीत पडून. बोललो आणि मला रडू फुटलं. ती हसली नाही, धीरही दिला नाही. माझ्या पायांशी जाऊन बसली आणि माझी चप्पल काढली.

"तू नको हलवू," ती म्हणाली. "मी आंगठ्यात नख रोवते. लागलं तर सांग."

मी तिला थांबायला सांगितलं. ती थांबली. मेंढरं कपाशीत शिरत होती, तिने त्यांना एक आरोळी दिली आणि पुन्हा माझ्याकडे पाहत बसली. शेवटी मी डोळे मिटून हो म्हणालो.

लागलं. इतकं लागलं की पाय आपोआप मागे आला.

"हलला," ती म्हणाली आणि दुसऱ्या पायाची चप्पल काढली.

नंतर ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. तिने सांगितलं की रोज सकाळी मेंढरं या सडकेच्या पल्याड न्यायची आणि सांजच्याला अल्याड आणायची, आणि दोन्ही वेळा तिचं काळीज तोंडात येतं. आदल्या वर्षी एका ट्रकने एका दमात अकरा मेंढरं नेली होती. "भ्याला म्हून काय झालं," ती म्हणाली. "पर भिऊन बी सडकेवरच का येतो तू? तिकडून कॅनॉलची वाट हाय न्हवं?"

कॅनॉलची वाट लांबची होती, कच्ची होती, तिच्यावर जायला तासभर जास्त लागला असता. पण खरं कारण ते नव्हतं. वाट बदलली असती तर मेव्हण्याने कारण विचारलं असतं.

म्हातारीने थांबवलेल्या एका रिकाम्या बैलगाडीत गवत पसरून गाडीवाल्याने मला सायकलसकट घरी नेलं. खरचटलं होतं, डावा घोटा सुजला होता, पाठीला काही झालेलं नव्हतं. बायकोने जखमा धुतल्या. मी तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही काहीतरी आजार लपवून राह्यले. रोज तुम्ही फाटा ओलांडेपर्यंत मी दारात उभी असते, ते दिसलं न्हाई तुम्हाला?" मला खरंच दिसलं नव्हतं, आरशात मी फक्त ट्रकच शोधायचो. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मेव्हणा आला तो थेट सायकलकडे गेला. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला होता. तो कमरेवर हात ठेवून पाहत राहिला आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे, सरळ करून देतो म्हणाला. मी त्याला खाटेवरूनच सांगितलं की या रस्त्यावर मी आता ती चालवणार नाही, मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते.

त्याला ते लागलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "पहिल्या दिवसापासून? आन् मी येऊन येऊन तेल घालून राह्यलो." सायकलमध्ये खोट नाही असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मी मध्ये चालवत नाही, कडेने चालवतो, म्हणून गाड्या दाबतात, असंही म्हणाला. शेवटी त्याने चिमटा सरळ केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाचं न ऐकता, सायकल घेऊन शहागडकडे निघून गेला.

आम्ही दोघं फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. मी काठीच्या आधाराने. जाऊन यायला दीड तास पुष्कळ होता. दोन तास झाले. शहागडकडून येणारा प्रत्येक ट्रक मी पाहत होतो आणि त्याच्या चाकांवर काही लागलंय का हे शोधत होतो. बायकोने चहा तसाच ठेवला. ती एकदाच बोलली, "माझा एकच भाऊ आहे." तिने ते माझ्याकडे पाहून म्हटलं नाही, पण मला तिथून उठून जावंसं वाटलं. स्वतःच्या भीतीत निदान हातात हँडल असतं. त्या बाकड्यावर माझ्या हातात काहीच नव्हतं.

अडीच तासांनी तो आला. साइडपट्टीच्याही खालून, मातीतून, सायकल हाताने ढकलत. केस, भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या. त्याने सायकल भिंतीला लावली, दोन तांबे पाणी प्यायला आणि आमच्या समोर बसला.

"जाताना बसून गेल्तो," तो म्हणाला. "येताना न्हाई बसू शकलो."

मग तो म्हणाला, "दाजी, मी नुसतं तुमच्या पाठीचंच पाहत राह्यलो. रस्त्याचं माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

मी त्याला म्हणालो की पाठ तुझ्यामुळेच वाचली. ते खरंही होतं.

त्यानंतर मी कॅनॉलच्या कच्च्या वाटेने जायला लागलो. साहेबांशी बोलून रोज अकराच प्लॉट, म्हणजे प्रत्येक प्लॉट एक दिवसाआड, असं ठरवून घेतलं. तिथेही भीती होती. डाव्या हाताला भरलेलं पाणी, कड भुसभुशीत, मला पोहता येत नाही. मेंढरांची कुत्री शेजारून धावायची. पण ती भीती माणसाच्या मापाची होती. थांबलं की थांबायची. मी आरसा काढून टाकला. पुढचे तीन हंगाम ती सायकल चालवली, मग पाठ बरीच सुधारली आणि मला जालन्याला बी निवडण्याच्या विभागात घेतलं.

दोन हजार सालानंतर कधीतरी जुन्या जालन्यातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने मेव्हण्याला गाठलं. त्याचे गुडघे गेले होते, आणि तसलीच बुटकी सायकल, तीन चाकांची, त्याला बनवून पाहिजे होती. पैसे मागशील ते देतो म्हणाला. मेव्हण्याने माप घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो त्या व्यापाऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन सकाळपासून दुपारपर्यंत उभा राहिला. रिक्षा, हातगाडे, पोत्यांचे टेम्पो, मोटारसायकली, सगळं पाहिलं. मधूनमधून तो खाली उकिडवा बसायचा आणि तेवढ्या उंचीवरून पाहायचा. येणारे-जाणारे त्याला विचारत होते की काय हरवलं.

दुपारी त्याने जाऊन व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं.